सतरावा तुकडा

४ मार्च

सूनबाई,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. तुझ्या सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, आणि गुडघ्यांपेक्षा त्या जास्त कुरकुरतात, एवढंच. पत्र निव्वळ कामाचं आहे.

शेडचे पत्रे गंजून गळायला लागलेत, ते बदलायचे आहेत. त्यासाठी थोरल्यांना बाहेर काढायला हवं. माझ्या वडिलांनी घेतलेल्या ट्रॅक्टरला तू ‘थोरले’ म्हणायचीस. या घरात माझ्याआधी आला म्हणून माझ्याहून मान त्याचा मोठा, असं म्हणून हसायचीस आणि मला राग यायचा. आता मीही थोरलेच म्हणतो. तू गेल्यापासून ते जागचे हललेले नाहीत. चाकांत हवा भरली, टाकी धुतली, नवी बॅटरी आणली आणि गिअरच्या दांड्याशेजारचं बटण दाबलं. काही नाही. साधं खट्टसुद्धा नाही.

चौकातला गॅरेजवाला येऊन गेला. वाकून बघण्याचे कष्टही न घेता म्हणाला, “काका, बटणाखालचा स्विच गेलाय. दोन वायरी बाहेर काढून देतो. टेकवल्या की सुरू. पाच मिनिटांचं काम.” मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. का, ते विचारू नकोस. जुने सुटे भाग विकणाऱ्या एकाकडून तसाच स्विच मागवला. बूटपॉलिशच्या डबीएवढा आहे. तो आलाय आणि आठवडाभर टेबलावर बसून माझ्याकडे बघतोय.

तुझी हत्यारांची पेटी शेडमध्ये फळीवर होती तिथेच आहे. शेडला मी कुलूप घालतो. किल्ली एका लोखंडी तुकड्याला बांधून खिशात ठेवतो, जड असली की हरवत नाही. तर काल ती पेटी उघडली. परवानगी आधी मागायला हवी होती, आता मागतो. बाई गं, काय ती पेटी! अकरा वर्षांत एका पान्याला गंज नाही. प्रत्येक पाना तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. बुटाच्या खोक्याचा तो पुठ्ठाही आहे, त्यावर तू झाकणाची आकृती काढून बोल्टच्या जागी भोकं पाडली होतीस, म्हणजे ज्या भोकातला बोल्ट त्याच भोकात परत जावा. मी आयुष्यभर सगळे बोल्ट एका वाटीत टाकले आणि शेवटी एखादा उरला की कंपनीला शिव्या घातल्या.

आता प्रश्न. झाकण काढायचा क्रम काय? उत्तर दे अथवा देऊ नकोस. पण आमच्या चिरंजीवांकडून निरोप धाडू नकोस. तुझा नवरा असला तरी मुलगा माझा आहे, निरोप अर्धाच सांगतो.

आशीर्वाद आहेतच, तू मागितले नसलेस तरी.

अप्पा

१९ मार्च

सूनबाई,

तुझं कार्ड मिळालं. “आधी बॅटरीची वायर सोडा. मग पुढचं बोलू.” अकरा वर्षांनी दोन वाक्यं, आणि दोन्ही हुकूम. मी ते तुझ्या सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “बदलली नाही हो ती.” पदराने डोळे पुसले आणि वर मलाच म्हणाल्या, कांदा चिरत होते. हातात कांदा नव्हता.

हुकमाप्रमाणे बॅटरीची वायर सोडली आणि झाकण उघडलं. तुला खरं सांगू का, तासभर मी काम केलंच नाही, नुसता बघत बसलो. तू दोन्ही जाड वायरींना कापडी पट्ट्या बांधल्या होत्यास आणि त्यांवर आकडे लाल दोऱ्याने शिवले होतेस. पेनाने लिहिलं तर तेल अक्षर खाऊन टाकतं, म्हणून शिवले! असं कुणाला सुचतं? पट्ट्या काळ्या झाल्यात, पण एक आणि दोन हे आकडे अजून स्पष्ट आहेत. त्या गॅरेजवाल्याला बोलावून दाखवावं असं वाटलं. त्याला काही कळलं नसतं.

स्विच आतून हिरवा पडला होता. काढला. नवा बसेल, मापात आहे.

झाकणाच्या आतल्या बाजूला तू खिळ्याने कोरलेलं सापडलं. “काढले १७, बसवले १७.” खाली तारीख. बंद करण्याआधी तुकडे मोठ्याने मोजायची तुझी सवय आठवली. बोल्ट, वॉशर, स्प्रिंगा, सगळे ओळीत मांडून शाळेत हजेरी घेतल्यासारखी मोजायचीस. मला तेव्हा हसू यायचं.

मी मोजले. सोळा भरले. पुन्हा मोजले, सोळा. चष्मा पुसून मोजले, सोळा. सासूबाईंना मोजायला लावले. त्या म्हणाल्या, “सोळाच.” मग मी म्हटलं, तिची मोजणीत चूक झाली असेल. माणूस आहे, चुकतं. त्या माझ्याकडे एकदा बघून आत गेल्या.

त्या दिवसाचा विषय मी काढणार नव्हतो, पण झाकण उघडलंय तर तोही उघडा पडलाच आहे. तू स्विच बसवून तीन आठवडे झाले होते. चिरंजीवांनी जमिनीवर उभं राहून बटण दाबलं. गिअर टाकलेला होता. थोरल्यांनी उडी घेतली आणि मागचं चाक त्याच्या पावलावरून गेलं. पुढे मी जे बोललो ते तुला पाठ असेल. “सुनेच्या हातचं काम!” दवाखान्यात बोललो, न्हाव्याच्या दुकानात बोललो, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून बोललो. तू काही उलटून बोलली नाहीस. प्लास्टर निघालं आणि तुम्ही दोघं गेलात. तो वर्षाकाठी एकदा लंगडत येतो, तू नाहीस.

झालं ते झालं. पुढचा क्रम कळव. आणि तेव्हा नक्की सतरा होते का, तेही कळव.

अप्पा

५ एप्रिल

सूनबाई,

तुझं पानभर पत्र आलं. क्रम इतका स्वच्छ लिहिलायस की आंधळ्यानेही स्विच बसवावा. कुठला बोल्ट आधी, कुठला अर्धाच आवळून ठेवायचा, वॉशरची खोलगट बाजू कुठे, सगळं. अकरा वर्षांनी, समोर यंत्र नसताना, घरी बसून! मी ते चार वेळा वाचलं आणि चारही वेळा मला तुझा अभिमान वाटला. आता म्हणशील, अप्पांना म्हातारचळ लागला. लागला असेल.

पण शेवटच्या तीन ओळी वाचून मी ताटावरून उठलो. “सतरा मोजल्याचं मला आठवतं. पण माझ्या मोजण्यावर माझाच आता विश्वास नाही. त्या दिवसानंतर मी हत्याराला हात लावलेला नाही.”

मी लगेच चिरंजीवांना फोन लावला. म्हटलं, हे काय? तो म्हणाला, “अप्पा, ती दिवसभर कचेरीत खिडकीपाशी बसून कागदांवर शिक्के मारते. घरचा नळ गळला तर प्लंबरला बोलावते, आणि तो काम करत असतो तेव्हा दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.” मी म्हटलं, मला कधी बोलला नाहीस! तर म्हणाला, “तुम्ही कधी विचारलंत?”

शिक्के मारते. जिने डॉक्टरांचा वजनकाटा दुरुस्त केला, जिने गल्लीतल्या प्रत्येक शिलाई मशीनला बोलतं केलं. विहिरीवरचा पंप अडला तेव्हा पंपाला कान लावून डोळे मिटून म्हणालीस, “आत काहीतरी सैल आहे, उजव्या अंगाला.” उघडून पाहिलं तर उजव्या अंगालाच. मी त्या दिवशी जेवताना तुझ्याविषयी एक शब्द बोललो नाही, पण मनात म्हटलं होतं की हिच्या हातात काहीतरी आहे. मनात म्हटलेलं कुणाच्या उपयोगाचं?

पत्र इथवर लिहून पाकिटात घातलं होतं. पुन्हा बाहेर काढतोय.

६ एप्रिल, सकाळी

मागच्या पत्रात मी तुला फसवलं. मोजणी तुझी चुकलेली नाही. सतरावा तुकडा कुठे आहे ते मला ठाऊक आहे. अकरा वर्षं तो माझ्या खिशात आहे. शेडची किल्ली त्यालाच बांधलेली आहे.

ऐक. तू चार दिवस आईकडे गेली होतीस. सकाळी मी थोरल्यांवर बसलो, नवा स्विच बसल्यापासून पहिल्यांदाच, आणि बटण दाबलं, तर ते खाली जाईना. जुनं बटण कसंही दाबलं तरी जायचं. मी म्हटलं, हिने काहीतरी आवळून ठेवलंय. उतरलो, झाकण उघडलं. आत अंगठ्याएवढी एक नवीकोरी पिन उभी होती. ती उचलून बाजूला ठेवली, वर बसून क्लच दाबला आणि बटण दाबून पाहिलं. लोण्यासारखं गेलं! तुला काय सांगू, मला किती आनंद झाला. बटण चाललं म्हणून नव्हे. सुनेची चूक सापडली म्हणून. एक तुकडा जास्तीचा घालून बसलीय, म्हटलं, आणि सतरा-सतरा मोजत मिरवते. पिन खिशात टाकली. तू आल्यावर चारचौघांत काढून दाखवायचं ठरवलं होतं. झाकणावर कोरलेलं तेव्हाही दिसलं असणार, पण वाचलं कोणी?

तू परत यायच्या आदल्या दिवशी चिरंजीवांनी बटण दाबलं.

मला केव्हा कळलं, हा तुझा प्रश्न असेल. त्याच संध्याकाळी शंका आली होती. पण खात्री नव्हती, आणि खात्री करून घ्यायची छाती नव्हती. तू दवाखान्यातून आल्यावर एकच मागणं मागितलंस, “अप्पा, एकदा उघडून बघू द्या.” मी म्हटलं, आता हात लावायचा नाही, आणि कुलूप घातलं. किल्ली त्या पिनेलाच बांधली, म्हणजे ती इकडेतिकडे पडून कुणाच्या नजरेला पडायला नको. थोरल्यांचं जुनं छापील पुस्तक तुझ्या पेटीत आहे हेही माहीत होतं. ते उघडलं नाही. उघडलं असतं तर कळलं असतं.

काल उघडलं. त्या पिनेचं चित्र आहे. शेजारी तू पेन्सिलीने लिहिलंयस, “गिअर टाकलेला असला की ही उभी राहते आणि बटण अडवते. न्यूट्रलला आणलं की खाली बसते. जुनी झिजून गेली आहे. लेथवाल्याकडून नवी करून घेतली.” म्हणजे बटण बिघडलं नव्हतं. ते मला नाही म्हणत होतं. आणि तू व तो नेहमी न्यूट्रलला आणूनच बटण दाबायचात, म्हणून तुमच्यापुढे ते कधी अडलं नाही. मीच तेवढा गिअर टाकून वर बसणारा.

काल फोन ठेवण्याआधी चिरंजीवांना विचारलं होतं, “तू गिअर न बघता बटण दाबलंसच कसं?” तो म्हणाला, “ती म्हणाली होती, आता चूक होऊच शकत नाही, गिअर असेल तर दाबलंच जाणार नाही. म्हणून नाही बघितलं.” तुझ्या कामावर भरवसा ठेवून त्याने बटण दाबलं, आणि तुझं काम माझ्या खिशात होतं. ते तू मलाही सांगितलं असशील, चहाच्या वेळी वगैरे. सुनेचं बोलणं कानावर घ्यायची मला सवय नव्हती.

माफी मागायला मी कुठल्या तोंडाने येऊ? मागतो तरीही. पण त्याआधी एवढं वाच, पुन्हा पुन्हा वाच. तू सतरा काढलेस आणि सतरा बसवलेस. तुझा हात चुकला नाही. कधीच चुकला नव्हता.

अप्पा

२ मे

सूनबाई,

उत्तर नाही. असायलाच हवं असं नाही.

माझ्याकडून चाललंय ते कळवतो. आधी तुझ्या सासूबाईंना सांगितलं. म्हटलं, ऐकून घे आणि मग काय बोलायचं ते बोल. त्या म्हणाल्या, “काय झालं ते नव्हतं माहीत. पण काहीतरी आहे हे माहीत होतं. अकरा वर्षांत ती किल्ली तुम्ही एकदा तरी माझ्या हातात दिलीत?” मग दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. दोन दिवसांत सुटलो, हे स्वस्तात झालं.

चिरंजीवांना फोनवर सांगितलं. म्हणाला, “तिला लिहिलंत?” म्हटलं, लिहिलं. “मग ठीक,” म्हणाला आणि ठेवला. ठीक नाही हे दोघांनाही कळतं.

मग न्हाव्याच्या दुकानात गेलो. दाढीचा साबण तोंडाला लागलेला असतानाच सुरू केलं, म्हणजे उठून पळता येऊ नये. बाकावर डॉक्टर होते, पोस्टमन होता, आणि आणखी तिघं. म्हटलं, अकरा वर्षांपूर्वी मी इथेच बसून सुनेच्या कामाला नावं ठेवली होती. ते काम चोख होतं. मीच त्यातला तुकडा काढला होता. न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबला. डॉक्टर म्हणाले, “माझा काटा अजून ग्रॅमभरही चुकत नाही. मला तेव्हाच पटलं नव्हतं.” मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, “तुमच्यापुढे बोलायचं कुणी?” घरी येईस्तोवर हा प्रश्न माझ्या मागे मागे आला.

आता कामाचं. स्विच तुझ्या क्रमाने बसवला. वायरी एक आणि दोन जागच्या जागी. बोल्ट पुठ्ठ्यावर टोचलेले आहेत. सगळं तयार आहे, फक्त पिन बसवून झाकण लावायचं. पुस्तकात चित्र आहे, मलाही जमेल. पण मी बसवली तर ते माझं काम होईल, आणि माझ्या कामाचे गुण आपण सगळ्यांनी पाहिलेत.

म्हणून पिन सोबत पाठवतो आहे. सासूबाईंनी ती पुठ्ठ्याच्या वेगळ्या तुकड्याला लाल दोऱ्याने शिवून दिली. पत्रेवाल्याला थांब म्हणून सांगितलंय. तू आलीस तर झाकण लागेल. नाही आलीस तर थोरले झाकण उघडं ठेवून बसतील, वर फडकं घालीन. तुझ्यावर जबरदस्ती नाही. ती माझी सवय होती, मोडतो आहे.

अप्पा

२८ मे

सूनबाई,

तू काल परत गेलीस आणि आज मी पत्र लिहायला बसलो. समोर होतीस तेव्हा बोलायचं राहून गेलं.

बसमधून तुम्ही दोघं उतरलात तेव्हा मी काय बोलायचं ते पाठ करून आलो होतो. तू म्हणालीस, “बॅटरीची वायर सोडलीय ना?” मी म्हटलं, सोडलीय. माझं पाठ केलेलं तिथेच संपलं.

शेडमध्ये तू पेटीपुढे किती वेळ उभी राहिलीस ते मी मोजलं नाही, पण बराच. हात पुढे करायचीस, मागे घ्यायचीस. चिरंजीव काही बोलायला जात होता, त्याला मी कोपराने ढोसलं. मग तू दहा नंबरचा पाना उचललास, फडक्यातून काढलास आणि नाकाशी नेऊन वास घेतलास. पुढे तुझ्या बोटांना काही सांगावं लागलं नाही. सूनबाई, मी पुष्कळ कारागीर पाहिले. काम करताना आपण बघत आहोत हे विसरायला लावणारं माणूस मी एकच पाहिलं. पिन जागेवर सरकली तेव्हा इतका बारीक आवाज झाला, पण तुझ्या चेहऱ्यावर तो मला दिसला.

मग तू मोजायला लागलीस. सातव्या-आठव्यापर्यंत एकटीच मोजत होतीस. मीही बरोबर मोजू लागलो, चिरंजीव लागला, दारातून सासूबाई लागल्या. सतरा म्हणताना आपण चौघं एवढ्या जोरात ओरडलो की शेजारी कुंपणाशी येऊन उभा राहिला.

आणि मग झाकण लावण्याआधी तू खिळा माझ्या हातात दिलास. “लिहा अप्पा. कोणी काढली, कोणी बसवली.” मी म्हटलं, आता सगळ्यांना सांगितलंय की. तू म्हणालीस, “यंत्राला नाही सांगितलंत.” अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं. “पिन काढली, अप्पा. पिन बसवली, सूनबाई.” तू वाचलंस, मान हलवलीस आणि झाकण लावलंस. तुझ्या त्या मान हलवण्याचा अर्थ माफी की नुसतं ‘बरोबर आहे’, ते मी विचारलं नाही. दोन्हीतलं काहीही मला चालेल.

बॅटरीची वायर जोडलीस आणि गिअर टाकलास. “दाबा आता,” म्हणालीस. मी दाबलं. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, अंगाचा भार टाकला. बटण केसभर हललं नाही. थोरले सुरू झाले नाहीत म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मला रडू आलं. मग न्यूट्रलला आणून तू चिरंजीवाकडे बघितलंस. बटण त्यानेच दाबावं असं तुझ्या मनात होतं. तो लंगडत पुढे आला. त्याने गिअरकडे पाहिलंसुद्धा नाही. तुझ्याकडे बघत बटण दाबलं, आणि थोरले धूर सोडत, खोकत, चांगले अकरा वर्षांचे खोकत, उठले.

पत्रेवाला आज आलाय. शेडची किल्ली आता साध्या सुतळीला बांधून दाराशी खुंटीवर टांगली आहे. कुणीही घ्यावी. खिसा हलका लागतो, चालताना सारखा चाचपतो.

एक राहिलंच. निघताना तू फळीवरची पेटी उचललीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, “ही माझी आहे, नेते. घरचा नळ गळतोय.” मी बस दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो. घरी येऊन पाहतो तर फळीवर पेटीच्या मापाची जागा रिकामी, भोवती अकरा वर्षांची धूळ. सासूबाई फडकं घेऊन पुसायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, राहू दे, चार दिवस बघू दे मला.

अप्पा